उटण्याच्या वासावरून ओळखलंत, मामा

गवळीमामांना सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही. पाडव्याच्या सकाळी मी मोबाईल वर केला तेव्हा तुम्ही तोंडासमोर हात आडवा धरलात आणि म्हणालात, "म्हशीचा काढा की फोटो, माझा कशाला?" त्यावरून काय ते समजले. गल्लीही सांगत नाही. गंगावेशीच्या अंगाला राहणारी माणसं हे वाचून तुम्हाला ओळखतीलच, त्याला माझा इलाज नाही.

पत्र लिहायचं कारण असं, की त्या दिवशी मी तुमचे आभार मानलेच नाहीत. गोठ्याच्या दारात तुमचा हात धरून "मी येतो मामा, मी येतो" एवढंच चारपाच वेळा म्हटलं आणि निघाले. बारा वर्षं पुण्यात काढून मी "येते" म्हणायला शिकले होते. नवऱ्यानं वाटेत ते बरोबर पकडलं. म्हणाला, तुझं कोल्हापूर रडताना बाहेर पडतं.

तुम्हाला आमची ओळख नीट झालीच नाही, म्हणून आधी तेवढं सांगते. आमचं लग्न फेब्रुवारीत झालं, म्हणजे यंदाचा हा दिवाळसण. जावयानं सासुरवाडीला यायचं, नवी अंगठी मिरवायची आणि चार दिवस लोळायचं. आमचा जावई आला तो मात्र आपल्या आईला, एका कुत्र्याला आणि एका मांजरीला घेऊन. सासूबाई ठाण्यात एकट्याच असतात. "सुनेच्या माहेरी दिवाळीला कोण जातं गं?" असं त्या तीनदा म्हणाल्या आणि चौथ्यांदा म्हणायच्या आत त्यांनी बॅग भरली. साताऱ्यापुढं रस्त्याचं काम चाललेलं, दर दोन मैलांवर गाडी कच्च्या रस्त्यावर उतरायची. मांजर कराडपर्यंत ओरडत होतं. कराडनंतर त्याचा घसा बसला आणि आम्हाला गाणी लावता आली.

मांजरीचं नाव मिशरी. रंगच तसा आहे. आमच्या आज्जीला हे नाव इतकं आवडलं, की पहिल्याच रात्री तिनं तिला पायाशी घेऊन झोपवलं. कुत्र्याचं नाव मोदक, कारण दोन वर्षांपूर्वी गणेश चतुर्थीच्या दिवशी तो आम्हाला पुण्यात रस्त्याकडेच्या सिमेंटच्या पाईपमध्ये सापडला. तेव्हा आमचं लग्न ठरलेलंही नव्हतं. खरं तर त्याला आळीपाळीनं सांभाळता सांभाळताच ते ठरलं. हे घरी कुणाला सांगितलेलं नाही, आता इथं वाचतील.

बाबांचंही सांगायला हवं. नांदणीच्या मठातली माधुरी हत्तीण जुलैमध्ये गुजरातला नेली तेव्हा अख्ख्या जिल्ह्यासारखे बाबाही पेटले होते. सह्यांच्या मोहिमेत सही केली, टीव्हीपुढं बसून डोळे पुसले. आणि त्याच बाबांनी मोदक दारात दिसल्याबरोबर सांगितलं, "ते मागच्या अंगणातच बांधा." हत्तीण आपली, कुत्रं मात्र परकं. चार दिवस त्यांनी मोदकला नावानं हाक मारली नाही. 'ते' जेवलं का, 'ते' भुंकतंय, 'त्याला' बाहेर न्या. तरी वसुबारसेला आईनं मातीच्या गाय-वासराची पूजा करून झाल्यावर उरलेलं हळदकुंकू मोदकच्या कपाळाला लावलं, तेव्हा ते काही बोलले नाहीत. पेपर वाचत राहिले. पेपर उलटा नव्हता, मी बघितलं.

दोन दिवस मजेत गेले. नवऱ्यानं फ्रीजवर यादी चिकटवली, मोदकला काय द्यायचं नाही याची. लाडवातले बेदाणे नाहीत, चॉकलेट नाही, कांदा-लसूण नाही. ही सगळी कुत्र्याला विषासारखी. आज्जीनं ती माझ्याकडून वाचून घेतली आणि विचारलं, "कांदा-लसूण न्हाय? मग ह्यो कोल्हापुरात जगायचा कसा?" दादाच्या पोरांनी अंगणात पन्हाळा केला होता, तीन दरवाजा, अंबरखाना सगळं जिथल्या तिथं. तटाभोवती हळीव पेरलेलं. ते उगवून हिरवंगार झालं त्या दिवशी मिशरी बरोबर मधोमध जाऊन झोपली. पोरं म्हणाली, सिद्दी जौहरला जे चार महिने वेढा घालून जमलं नाही ते हिनं एका दुपारी केलं.

आणि मग नरक चतुर्दशी, सोमवार, 20 ऑक्टोबर. चूक तिथं झाली, आणि ती आमचीच.

पहाटे सगळ्यांच्या आंघोळी झाल्यावर सासूबाईंना वाटलं, मोदकनं काय पाप केलंय? दोघी विहिणींनी मिळून त्याला अंगणात धरलं. नवरा नको नको म्हणत होता, पण तेलाचं बोट आणि चिमूटभर उटणं त्याच्या पाठीला लागलंच. मग गरम पाणी. ओला होतो म्हणून गळ्यातला पट्टा काढला आणि न्हाणीघरातल्या खिळ्याला अडकवला. त्या पट्ट्यावर आमचा मोबाईल नंबर होता. तो पट्टा तिथंच राहिला.

यंदा लक्ष्मीपूजन 20 ला की 21 ला यावरून सगळीकडं घोळ होता. आपल्या पंचांगात मंगळवारी, 21 ला होतं. फटाके वाजवणाऱ्यांनी या वादात पडायचं टाळलं. त्यांनी दोन्ही दिवस वाजवले. फटाक्याचा आवाज चार मीटरवर 125 डेसिबलच्या वर जाऊ नये असा नियम आहे आणि सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये रात्री आठ ते दहा ही वेळही घालून दिली होती. आमच्या पेठेत हे कुणी वाचलं असेल असं वाटलं नाही. त्यात माणसाला जेमतेम 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला त्याच्या दुपटीनंही वर. आपल्याला जो नुसता धडाका वाटतो तो त्याला कसा ऐकू येत असेल, कोण जाणे.

आम्ही तयारी केली होती हो, मामा. दुपारीच लांब फिरवून आणलं होतं. आतल्या खोलीत पलंगाखाली अंथरूण, खिडक्यांना चादरी, पंखा फुल्ल, टीव्ही मोठा. मी आणि नवरा आलटून पालटून त्याच्यापाशी बसायचो. लक्ष्मीची आरती सुरू झाली तेव्हा दोघांनी पाच मिनिटं बाहेर यायचं ठरवलं. पहिलीच दिवाळी, जोडीनं नमस्कार करायचा होता. तेवढ्यात भाचा फुलबाज्यांची पेटी घ्यायला आत गेला, मागचं दार उघडं राहिलं, आणि बोळात कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला. भाच्याला रागावू नका असं मी सगळ्यांना सांगितलं. सात वर्षांचं पोर ते, रात्रभर झोपलं नाही.

तिथून पुढं रात्रभर आम्ही काय केलं ते आठवलं की आता हसू येतं, तेव्हा येत नव्हतं. उभा मारुती चौकातून मी "मोदक! मोदक!" ओरडत पळत होते. नवी पैठणी, केसात गजरा, पायात चप्पल नाही. एका आज्जींनी गॅलरीतून सांगितलं, "बाई, मोदक गणपतीत. आता करंज्या म्हण." नवरा रंकाळा टॉवरकडं गेला, दादा गांधी मैदानाकडं. तालमीतली पोरं गाड्या काढून निघाली, संध्यामठापर्यंत जाऊन आली. त्यांनी चौकातली आतषबाजी अर्धा तास थांबवली, हेही लिहून ठेवते.

पण बाकीच्या रस्त्यावर ज्याला त्याला विचारावं तर एकच प्रश्न. "कुठल्या जातीचं?" गावठी म्हटलं की माणसं सैल व्हायची. "मग मिळंल की दुसरं." एकानं तर, कुचेष्टा म्हणून नव्हे, अगदी मनापासून सुचवलं की त्यांच्या गल्लीत पाच पिल्लं आहेत, त्यातलं एक घेऊन जा. मी त्याला काय बोलणार? त्याच्या हातात फराळाचं ताट होतं.

रात्री एकला नवऱ्याच्या एका डॉक्टर मित्रानं, जनावरांच्या, फोनवर सांगितलं की आधी ओरडणं बंद करा. घाबरलेलं कुत्रं आवाजापासून लांब पळतं, कुठंतरी काळोखात, अडचणीत, बूड टेकायला जागा मिळेल तिथं शिरतं आणि मग मालकाच्या हाकेलासुद्धा बाहेर येत नाही. म्हणजे तीन तास मी त्याला घालवतच होते. आम्ही आमचे वापरलेले कपडे दारात टाकले, वासानं परतेल म्हणून. पायरीवर बसून राहिलो. रांगोळी पार विस्कटली होती. साडेतीनच्या सुमाराला बाबा बाहेर आले, काही न बोलता शेजारी बसले आणि थोड्या वेळानं म्हणाले, "थंडी हाय. त्याला थंडी लागती का गं?"

तेव्हा तो तुमच्या गोठ्यात होता.

तुम्ही सांगितलंत ते मी नंतर पुन्हा पुन्हा आठवून बघितलंय. रात्री दोनला म्हैस रेकायला लागली म्हणून तुम्ही उठलात. दुसऱ्या दिवशी पाडवा, म्हशींचा मान, म्हणून तुमची आधीच झोप झालेली नव्हती. गव्हाणीखाली, कडब्याच्या मागं दोन डोळे चमकले. हात पुढं केल्यावर ते गुरगुरलं. कुणीही काठी घेतली असती. तुम्ही मात्र तिथंच खाली बसलात, शेणामुतात, अंधारात, तासभर. "मी काय केलंच न्हाय," तुम्ही म्हणालात. "त्याचं त्यानंच सरकत आलं."

आणि जवळ आल्यावर तुम्हाला उटण्याचा वास आला.

"म्हटलं, ह्याला कुणीतरी कालपरवा आंगूळ घातलीया. उटणं लावलंया. म्हंजे आवडीचं हाय कुणाच्या तरी." गळ्यात पट्टा नाही, नंबर नाही, अंगावर कसली खूण नाही. दोन विहिणींच्या हट्टाचं चिमूटभर उटणं, तेवढा एकच पत्ता त्याच्याकडं होता, आणि तो तुम्ही वाचलात. पहाटे पाचला कट्ट्यावर धार काढताना तुम्ही येणाऱ्या प्रत्येकाला विचारलंत, "उटणं लावल्यालं कुत्रं हरवलंय का कुणाचं?" लोक हसले म्हणे. आमच्या शेजारच्या काकू पाडव्याच्या बासुंदीसाठी धारोष्ण दूध घ्यायला आल्या होत्या, त्या हसल्या नाहीत. त्यांनी भांडं तिथंच ठेवून फोन लावला.

आम्ही पोचलो तेव्हा उजाडत होतं. गल्लीत एकीकडं म्हशी धुणं चाललेलं. ती तलवारीसारखी मागं गेलेली पंढरपुरी शिंगं रंगवायची चाललेली, पाठीवरचे केस कातरून काढलेली नक्षी, कवड्यांच्या माळा, मोरपिसं. आणि दुसरीकडं तीन मोटरसायकली, सायलेन्सर काढून ठेवलेल्या, त्यांच्यावर पोरं नुसतीच बसलेली. मला वाटलं, अजून वेळ असेल. एक पोरगं वैतागून म्हणालं, "दीड तास झाला ताई, मामा किक मारू देईनात. आत पाव्हणा झोपलाय म्हणं."

बाहेरच्या माणसाला हे कळणार नाही म्हणून सांगते. कोल्हापुरात पाडव्याला गवळी आपापल्या म्हशी सजवून रस्त्यावर आणतात. पुढं मोटरसायकल, तिचा कान फाडणारा आवाज, आणि त्या आवाजामागं आपल्या मालकाला ओळखून धावणारी म्हैस. वर्षभर दूध देणाऱ्या जनावराचा हा दिवस. त्या पोरांनी महिनाभर सराव केला असणार. तुमच्या गल्लीच्या म्हशी त्या सकाळी आवाजाविना उभ्या राहिल्या, कारण गव्हाणीपाशी एक पुण्याचं गावठी कुत्रं तुमच्या घोंगड्यात, रेडकाच्या अंगाला लागून झोपलं होतं.

मी दारातच थांबले. पाय उचलेनात. तुम्ही मला ओळख विचारली नाहीत, पुरावा मागितला नाहीत. तुम्ही विचारलंत, "नाव काय ह्याचं?"

मामा, मी या पत्रात इतकं पाल्हाळ लावलंय ते या एका वाक्यासाठी. दहा तासांत किती माणसांशी बोलले असेन! जात विचारली, किंमत विचारली, चावतं का विचारलं. नाव तुम्ही विचारलंत. मी "मोदक" म्हटलं आणि तुम्ही हसलादेखील नाहीत. वाकून त्याच्या कानाशी म्हणालात, "मोदक, ऊठ बाबा. घरची आली बघ."

नंतर तुम्ही तुमच्या सगळ्या म्हशींची नावं सांगितलीत, एकेकीच्या पाठीवर थाप मारत. मला त्यातली फक्त रूपा आठवते, जी रेकली ती. तिला माझा नमस्कार सांगा. खरंच सांगा.

बाबा माझ्या मागोमाग आत आले होते. त्यांनी खिशातून पाचशेची नोट काढली तेव्हा तुम्ही म्हणालात, "पाडव्याला पैसं नगासा. दूध घ्या." बाबांनी दोन लिटर घेतलं. भांडं नव्हतं, तुमच्याच कॅनमधून आणलं. त्या दिवसापासून आमच्या घरातलं पिशवीचं दूध बंद आहे हे तुम्हाला माहीतच आहे, रोज पहाटे ते तुमच्यासमोर उभे असतात. काकू सांगतात, कट्ट्यावर ते "आमचा मोदक" म्हणून बोलतात. फोनवर आमच्याशी बोलताना अजून "ते बरं हाय का?" असंच विचारतात.

पाडव्याच्या संध्याकाळी मी नवऱ्याला ओवाळलं. ओवाळणीत मला पट्टा मिळाला, माझ्या गळ्यातला नव्हे, मोदकच्या. नवा, दोन नंबर कोरलेला. वहिनीला सोन्याचे कानातले मिळाले होते. आम्ही दोघी एकमेकींकडं बघून बराच वेळ हसत होतो. पुण्यात परतल्यावर मोदकच्या मानेत चिपही बसवून घेतली. तांदळाच्या दाण्याएवढी असते, तिच्यात पंधरा आकडी नंबर. आता पट्टा खिळ्यावर राहिला तरी चालेल. उटणं मात्र दरवर्षी लावायचं, असा सासूबाईंनी नियम केलाय, आणि या वेळी नवऱ्याचा विरोध नाही.

दुपारी आम्ही म्हशी बघायला आलो होतो, तुम्हाला गर्दीत दिसलो नसू. मोदकला घरी ठेवलं होतं. आज्जी त्याच्यापाशी बसली, टीव्ही फुल्ल आवाजात, मांडीवर मिशरी. तुमची गाडी पुढून गेली, मागनं रूपा धावत गेली, घुंगरं वाजत होती, आणि शेजारी उभ्या असलेल्या सासूबाई, ज्यांनी ठाण्यात म्हैस कधी जवळून बघितली नसेल, दोन्ही हात वर करून ओरडत होत्या. त्यांना ओढून मागं घ्यावं लागलं.

आता एक कामाचं. तुमचं घोंगडं आमच्याकडंच राहिलं. मोदकला त्यात गुंडाळूनच गाडीवर आणलं आणि नंतर तो ते सोडायला तयार नव्हता, म्हणून पुण्यालाही आलं. दोनदा धुतलं, गोठ्याचा वास जात नाही, आणि बहुतेक म्हणूनच तो त्याच्यावर झोपतो. 5 नोव्हेंबरला त्रिपुरी पौर्णिमा आहे. आम्ही पहाटे पंचगंगा घाटावर दिवे लावायला येतोय, तिथून सरळ तुमच्याकडं येऊ. घोंगडं परत द्यायचं होतं, पण त्याचा एक कोपरा त्यानं कुरतडलाय, चांगला वीतभर. तेव्हा नवंच आणते. काळं हवं की करडं, तेवढं बाबांपाशी सांगून ठेवा.

तुमची,
मोदकची घरची
शिवाजी पेठ, सध्या पुणे